दारातली जुनी गाडी : ठेवावी की काढावी?

सुगी आटोपते, कांद्याचे किंवा उसाचे चार पैसे हाती येतात आणि घरात एक विषय हमखास निघतो. दारात उभी असलेली जुनी गाडी! थोरला मुलगा म्हणतो, "आप्पा, आता ही काढून टाकू. डिझेल किती पिते बघा. तिच्या जागी एखादी लहान, स्वस्तातली घेऊ." आप्पा म्हणतात, "पंधरा वर्षांत तिने कधी रस्त्यात सोडले नाही. काढायची कशाला?" मग जेवता जेवता घरातली माणसे दोन बाजूंना वाटली जातात. तुमच्या घरी हा वाद अजून झाला नसेल तर पुढेमागे होणारच आहे. म्हणून आज थोडे सविस्तर बोलू.

गंमत अशी की दोन्ही बाजू गाडीच्या वयावरून भांडतात. एक म्हणतो म्हातारी झाली, दुसरा म्हणतो अजून धडधाकट आहे. पण गोठ्यातली गाय ठेवायची की विकायची हे ठरवताना आपण नुसते वय पाहतो का? किती वेतांची झाली हे विचारतो खरे, पण निकाल लागतो तो दूध किती देते आणि पेंड किती खाते यावर. गाडीलाही तोच न्याय लावला पाहिजे. ती वर्षाला किती किलोमीटर चालते, कोणते काम करते आणि त्यासाठी किती पैसे खाते? ही तीन उत्तरे हाती नसताना घेतलेला निर्णय म्हणजे शेजाऱ्याकडे बघून घेतलेला निर्णय.

पंधरा वर्षे झाली म्हणजे भंगार झाली, असे नाही

पहिल्यांदा एक भीती काढून टाका. "पंधरा वर्षे झाली की सरकार गाडी उचलून नेते" असे पारावर बोलले जाते. ही बातमी दिल्लीहून आलेली आहे. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागात हवेच्या प्रदूषणामुळे २०१५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधने आली आणि त्यावरून बऱ्याच कोर्टकचेऱ्या झाल्या. ती बंधने महाराष्ट्रातल्या खेड्यांना लागू नाहीत.

आपल्याकडे नियम साधा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत दाखवायची, अधिकारी तपासतो, ठीक असेल तर पाच वर्षे वाढवून मिळतात. पाच वर्षांनी पुन्हा तेच. याला आपण पासिंग म्हणतो. मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत अर्ज करता येतो, त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याचे कारण नाही. मुदत टळली तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये जादा असा नियम आहे.

मात्र हे काम पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाही, हेही ध्यानात घ्या. मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला १०,००० रुपये ठरले. मोटारसायकलीला हेच आकडे १,००० आणि २,००० असे आहेत. शिवाय जुन्या गाडीचा पर्यावरण कर वेगळा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर उच्च सुरक्षा नंबरपट्टी बसवून घ्यावी लागते, नाहीतर आरटीओतली पुढची कामे अडतात. हे सगळे पैसे पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला दोन हजारांच्या आसपास पडतात. म्हणजे पासिंग आले म्हणून गाडी घाईने विकण्याइतके हे ओझे मोठे नाही. दलाल मात्र नेमका हाच मोका साधतो. मुदत संपत आली की तो दारात येऊन उभा राहतो आणि भाव पाडून मागतो.

आधी एक वही करा

दुधाचा हिशेब आपण रोज लिहितो, औषध-खताची पावती जपून ठेवतो, पण गाडीचा हिशेब फार थोड्या घरी सापडतो. आज एक शंभर पानी वही आणा आणि गाडीतच ठेवा. पंपावर टाकी तोंडापर्यंत भरा आणि काट्यावरचा किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या खेपेस पुन्हा तोंडापर्यंत भरा. मधले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, हे तुमचे खरे ॲव्हरेज. विकणाऱ्याने सांगितलेले ॲव्हरेज आणि मुलाच्या मित्राच्या गाडीचे ॲव्हरेज या गोष्टी ऐकून सोडून द्यायच्या असतात.

प्रत्येक खेपेपुढे दोन शब्द लिहा: कुठे आणि कशाला. "तालुका, खत." "दवाखाना, आजी." "लग्न, पाहुण्यांकडे." "सहज." ही शेवटची नोंद प्रामाणिकपणे करा. तीन महिन्यांत कळून येईल की गाडी नेमकी कोणाची आणि कशासाठी चालते. काही घरी असे दिसते की धाकटे चिरंजीव रोज संध्याकाळी फाट्यावर चहा प्यायला गाडी नेतात आणि डिझेलचा दोष मात्र बिचाऱ्या इंजिनावर येतो!

आता हिशेब कसा करायचा ते एक उदाहरण घेऊन पाहू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले आहे. तुमच्या पंपावरचा भाव आणि तुमच्या वहीतले आकडे त्या जागी घाला.

समजा, पाच-सहा माणसांचे घर आहे. तालुका अठरा किलोमीटरवर. दारात पंधरा वर्षांची बोलेरो किंवा त्याच जातीची अडीच लिटर इंजिनाची डिझेल गाडी. कर्ज केव्हाच फिटलेले. वर्षाला ६,००० किलोमीटर चालते, ॲव्हरेज बाराचे. म्हणजे ५०० लिटर, ४५,००० रुपयांचे डिझेल. तिसऱ्या पक्षाचा विमा १,५०० सीसीवरच्या मोटारीला जून २०२२ च्या दराने ७,८९७ रुपये, वर १८ टक्के कर, मिळून ९,३०० धरा. ऑइल, दुरुस्ती, टायर आणि बॅटरीचा वर्षाचा वाटा २५,०००. पासिंगचा वाटा २,०००. गाडीची किंमत वर्षाला दहा हजारांनी उतरते असे धरा. बेरीज ९१,३०० रुपये. किलोमीटरला पंधरा रुपयांच्या वर गेले.

आकडा मोठा वाटतो ना? वाटू द्या. आता मुलगा म्हणतो ती लहान, जुनीच पण कमी वयाची पेट्रोल गाडी पाहू. ती अडीच लाखांना मिळते आणि आपली दीड लाखाला जाते असे धरू. वरचे एक लाख आपण घालायचे. तेवढ्याच धावेला अठराच्या ॲव्हरेजने ३५,००० रुपयांचे पेट्रोल. विमा १,००० सीसीच्या आतला, २,०९४ रुपये आणि कर, म्हणजे २,५००. दुरुस्ती १२,०००. किमतीतली उतार वर्षाला २५,०००. वरच्या लाखाचे व्याज दहा टक्क्यांनी १०,०००. ते कर्ज काढले नसले तरी धरायचे, कारण ते पैसे बँकेत किंवा शेतात घातले असते तर काही तरी देऊन गेले असते. बेरीज ८४,५०० रुपये.

फरक किती पडला? वर्षाला ६,८०० रुपये. महिन्याला सहाशेच्या आत. आणि एवढ्यासाठी आपण ओळखीची गाडी देऊन अनोळखी गाडी घरात आणणार. त्यातच खताच्या पाच-सहा गोण्या, पेंडीची पोती, फवारणीचा पंप आणि चार मजूर ही कामे लहान गाडी करणार नाही. वर्षात दहा वेळा जरी पिकअप भाड्याने बोलवावी लागली आणि खेपेला हजार रुपये गेले, तर वाचलेले सगळे परत जाऊन वर तीन हजारांचा खड्डा पडतो.

पण हेच घर वर्षाला १५,००० किलोमीटर गाडी चालवत असेल तर? मुलगी तालुक्याच्या गावी रोज कॉलेजला जाते, किंवा मुलाने औषधांचे दुकान काढले आहे आणि रोजचे जाणेयेणे आहे. तेव्हा एकट्या इंधनातला फरक दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर जातो. अशा घरी मुलाचे म्हणणे खरे आहे, आणि आप्पांनी ते ऐकावे. गाडी तीच, तिची धाव वाढली की निकाल फिरतो.

कोरी गाडी हप्त्यावर

तिसरा मार्ग कोरी लहान गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान मोटारींवरचा वस्तू-सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला, त्यामुळे हा मोह वाढला आहे. रस्त्यावर येईपर्यंत साडेपाच लाख धरा. जुनी देऊन दीड लाख आले, चार लाख कर्ज. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण साडेआठ हजार येतो. वर्षाला एक लाख दोन हजार, आणि अजून गाडीत पेट्रोलचा थेंब पडलेला नाही. पाच वर्षांत व्याजच एक लाख दहा हजार जाते.

हप्ते फिटल्यावर गाडी आपली राहते, हे मान्य. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. नोकरदाराला पगार महिन्याला येतो, म्हणून हप्ता महिन्याला चालतो. आपला पैसा येतो हंगामाला. टोमॅटोचा भाव पडला, ऊस फडात उशिरा राहिला, गारपीट झाली, तरी हप्त्याची तारीख हलत नाही. मग पीककर्जातले पैसे हप्त्याकडे वळतात. पीककर्ज वेळेत फेडले नाही की व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला सोसायटी दारात उभी करत नाही. मोटारीचा हप्ता असा पिकाच्या मुळाशी जातो. ज्या घरी दुधाचा पगार किंवा कोणाची नोकरी आहे आणि हप्ता त्यातूनच भागतो, त्यांनी खुशाल विचार करावा. बाकीच्यांना माझे सांगणे, चार लाखांत ठिबक, शेततळ्याचा कागद किंवा दोन चांगल्या म्हशी काय देतात तो हिशेब शेजारी मांडून मगच सही करा.

मुलाचे लग्न जमवायचे आहे, दारात नवी गाडी दिसली पाहिजे, असेही काही ठिकाणी ऐकू येते. हौसेला मोल नसते, म्हणून त्यावर मी बोलत नाही. फक्त येणाऱ्या सुनेच्या डोक्यावर पहिली पाच वर्षे कोणाचा हप्ता असणार आहे, हे तिला आधी सांगावे.

गाडीच नसली तर?

हा चौथा मार्ग कोणी बोलून दाखवत नाही, कारण त्यात कमीपणा वाटतो. पण हिशेबात तोच सर्वांत स्वस्त आहे. घरात मोटारसायकल बहुधा असतेच. तिने वर्षाला ४,००० किलोमीटर केले तर पन्नासच्या ॲव्हरेजने ८,४०० रुपयांचे पेट्रोल, विमा आणि देखभाल मिळून सहा हजार. पंधरा वेळा गावातली जीप सांगितली, खेपेला दोन हजार, तीस हजार झाले. एसटीचे पाच हजार धरा. सगळे मिळून पन्नास हजारांच्या आत. शिवाय जुन्या गाडीचे दीड लाख हातात.

एसटीचे म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. आजी आणि सूनबाई दोघी तालुक्याला गेल्या तर एका अर्ध्या तिकिटात जाऊन येतात. तुमच्या गावाला दिवसातून चार-पाच फेऱ्या असतील तर हा विचार हसण्यावारी नेऊ नका.

मात्र येथे घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय ठरवू नका. रात्री दोनला कळा सुरू झाल्या, लहान मुलाला तापात झटका आला, कोणाला साप चावला, तर १०८ ची रुग्णवाहिका आहे. २०१४ पासून ती सेवा राज्यात चालू आहे. पण आपल्या वस्तीवर ती किती वेळात पोचते हे ज्या घरी वेळ आली त्यांना विचारा. मळ्यातल्या एकाकी वस्तीवर, पावसाळ्यात ओढा भरतो अशा ठिकाणी, दारातली उंच गाडी म्हणजे हिशेबाच्या वहीत न मावणारी वस्तू असते. अशा घरी मी गाडी काढा म्हणणार नाही. आणि गाडी विकून एका मोटारसायकलीवर चौघे बसणार असतील, पुढे टाकीवर पोर आणि मागे साडीचा पदर उडतो आहे, तर ती बचत नव्हे.

गाडी ठेवायची आणि खर्च भाडोत्र्यांकडून काढायचा, असाही एक सल्ला मिळतो. बाजाराच्या दिवशी चार माणसे भरली की डिझेल सुटते. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत पैसे घेऊन माणसे बसवणे हे परवान्याशिवाय केलेले वडाप आहे. अपघात झाला तर विमा कंपनी अंग काढते किंवा भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायला बघते. एका खेपेच्या दोनशे रुपयांसाठी सात-बारा पणाला लावू नका.

मिस्त्रीकडे नेण्याआधी स्वतः पाहा

हिशेबाने "ठेवा" म्हटले, तरी शेवटचा शब्द गाडीच्या तब्येतीचा. कारण दुरुस्तीचे पंचवीस हजार आपण धरले ते धडधाकट गाडीचे. इंजिनाचे फुल काम निघाले की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

सकाळी इंजिन थंड असताना पाहा. आधी बॉनेट उघडून ऑइलची कांडी ओढा. तेल काळे असेल तर घाबरू नका, डिझेल गाडीचे तेल काळेच होते. पण ते दुधाच्या चहासारखे दिसले तर तेलात पाणी शिरले आहे. हेड गॅस्केट गेले असेल किंवा हेडला चीर असेल. अशी गाडी तशीच चालवू नका. मग सुरू करा आणि धुराकडे बघा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर ठीक. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर पाणी इंजिनात जळते आहे. काळा धूर म्हणजे एअर फिल्टर तुंबला आहे किंवा नोझल-पंपाचे काम आहे, ते सहसा थोडक्यात सुटते. निळा धूर वाईट. तेल जळते आहे, रिंगा आणि बोअर घासले आहेत. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण उघडा. तिथून भकाभका वाफ आणि दाब येत असेल तर निळ्या धुराची खात्री पटली.

इंजिन मात्र दुरुस्त होते. चेसिस कुजली की तिला औषध नाही. गाडीखाली गोणपाट टाकून झोपा आणि लहान हातोडीने चेसिसवर टोकत जा. घट्ट आवाज आला पाहिजे. भदभद आवाज आला, गंजाचे पापुद्रे पडले, पाट्यांच्या बैठकीशी चीर दिसली, तर वेल्डिंगची मलमपट्टी करून माणसे बसवू नका. कोकणात समुद्राकाठी आणि शेणखत वाहणाऱ्या गाड्यांत हे लवकर होते. चेसिस गेली असेल किंवा ब्रेक-स्टिअरिंगचे काम गाडीच्या निम्म्या किमतीवर चालले असेल, तर वहीतला हिशेब काहीही सांगो, ती काढा.

टायरकडे तर आपण फक्त नक्षी बघतो. कमी धावणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात. ३११८ असेल तर तो २०१८ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला. बाजूच्या रबराला केसासारख्या भेगा दिसल्या की नक्षी शिल्लक असली तरी बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, म्हणून दोन वर्षांनी नवे घालावे. आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चांगली अर्धा तास पळवावी. उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि उंदीर वायरी कुरतडतात. कांद्याच्या चाळीशेजारी किंवा धान्याच्या खोलीशेजारी गाडी लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

सुट्या भागांची चौकशी तालुक्याच्या दुकानात करून ठेवा. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, पण ती इतकी खपली होती की तिचे भाग अजून मिळतात. टवेरा मात्र दारात असेल तर जरा विचार करा. त्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली आणि तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. चार पाने मिळायला चार दिवस लागत असतील तर ऐन सुगीत गाडी गॅरेजमध्ये उभी राहते.

स्वस्तातली घेणारच असाल तर

शक्य तो जुलै २०१९ नंतर बनलेली पाहा. त्या महिन्यापासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली, आणि ब्रेक दाबल्यावर चाके जागीच जखडून गाडी घसरू नये म्हणून असणारी एबीएस यंत्रणा त्याच वर्षी एप्रिलपासून. त्याआधीच्या बऱ्याच लहान गाड्यांत दोन्ही नव्हते. वीस-तीस हजारांच्या फरकासाठी ही गोष्ट सोडू नये.

पेट्रोल गाडी घेताना आणखी एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. आपल्याच उसाचे इथेनॉल, त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडाने करायची! पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. ॲव्हरेज थोडे कमी पडते, आणि फार जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या लवकर खराब होऊ शकतात. नळ्या आणि सील तपासून घ्या. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नका.

पुरातली गाडी तर ओळखताच आली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडकडे पूर आले तेव्हा किती तरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊनपुसून, रंग मारून दूरच्या जिल्ह्यात विकता येते. पायाखालची चटई उचलून खालचा पत्रा हाताने चाचपा, सीटची सळई गंजली आहे का बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का पाहा, काचा बंद करून दहा मिनिटांनी नाक लावा. कुबट वास आला की चहा पिऊन परत या.

सात-बारावर बोजा असतो तसा आरसी बुकावरही असतो. बँकेचे नाव असेल तर ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याखेरीज विसार देऊ नका. दंडाच्या ई-चलनांची थकबाकीही नंबर टाकून मोबाईलवर दिसते, मुलांकडून काढून घ्या. आणि भाव ठरवताना विकणाऱ्याने तेव्हा काय दिले होते ते धरू नका. तीच कोरी गाडी आज काय पडते, तेथून खाली उतरा.

आपली जुनी देताना तर दुप्पट सावध राहा. शंभराच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या, पैसे मोजले, गाडी गेली, म्हणजे व्यवहार झाला असे आपण समजतो. कायदा तसे समजत नाही. आरसी बुकावर ज्याचे नाव तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठरवले. तेथे गाडी एकापाठोपाठ एक अनेकांच्या हातांतून गेली होती, अपघात शेवटच्याच्या ताब्यात असताना झाला, पण नोंद पहिल्याच्या नावावर राहिली होती, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांच्या आत विक्रीची खबर आरटीओला तुम्ही द्यायची आहे, ती स्वतः द्या. "नाव मी लावून घेतो, तुम्ही काळजी करू नका" असे म्हणणाऱ्या दलालाकडे दहा हजार मागे ठेवा आणि नाव बदललेल्या आरसीची प्रत आणल्यावर द्या.

भंगारातच घालायची असेल तर फाट्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या. तेथे जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते, नोंदणी रद्द होते, आणि पुढे नवी खासगी गाडी घेतली तर मोटार करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. देण्याआधी डॅशबोर्डच्या कप्प्यातले कागद, स्टेपनी आणि जॅक यांची यादी करा, आणि ती हिशेबाची वही काढून घ्या. पुढच्या गाडीचे ॲव्हरेज तिच्याशीच ताडून बघायचे आहे.